मुरगूडमार्गे क्रूझ

आमच्या मामेसासऱ्यांइतकं इंधन वाचवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर झाला नाही, आणि ते वाचवण्यापायी भोवतालच्यांचं इतकं रक्त आटवणारा तर यापुढे होणारही नाही, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगायला तयार आहे. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुंबईत एका विमान कंपनीत त्यांची उभी हयात गेली. पण ते ना वैमानिक होते ना मेकॅनिक. विमान उडण्याआधी त्याची सगळी वाट आखून द्यायची, पोटात वजन किती, जायचं किती उंचीवरून, वारा कुठला, वेग किती ठेवायचा आणि या सगळ्याला इंधन किती लागेल ते वैमानिकाला सांगायचं, हे त्यांचं काम. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लवकर निवृत्ती घेऊन ते मामींसह कोल्हापुरात शाहूपुरीत राहायला आले. कंपनीने त्यांची खुर्ची काढून घेतली, टेबल काढून घेतलं. डोक्यातलं विमान काढून घ्यायची सोय मात्र कंपनीकडे नव्हती. ते थेट आमच्यावर येऊन उतरलं.

त्यांचा सगळा जीव 'क्रूझ' या एका शब्दात होता. विमान वर चढून एकदा सरळ चालीला लागलं की खाली उतरायला लागेपर्यंतचा जो मधला लांबलचक प्रवास, तो क्रूझ. हे मला आमच्या पहिल्याच भेटीत कळलं. मी नवा जावई, सांगलीचा, त्यामुळे कोल्हापूरकरांपुढे आधीच जरा दबून पोहे खात होतो. मामांनी माझी बशी बाजूला सारली, त्या जागी चमचा आडवा ठेवला आणि म्हणाले, "पावणं, ह्ये इमान. उडताना आन् उतरताना लोक खिडकीला नाक लावत्यात, आन् मदी झोपत्यात. पण त्याल जळतंय ते मदीच की." मग चमच्याचं विमान पोह्यांच्या ढिगावरून इतका वेळ उडत राहिलं की पोहे गार झाले. शेवटी त्यांच्या तोंडून एक खंत निसटली. विमान उतरलं की लोक टाळ्या वाजवतात त्या वैमानिकासाठी. पण मधल्या वाटेत कुणाच्या डोक्याने इंधन वाचलं हे आजवर एकाही उतारूने विचारलं नाही. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी इचारलं असतं, पण मला कवा बसवलंय इमानात?" त्यावर मामांनी चमचा ठेवून दिला.

तर या विज्ञानाचा पहिला बळी त्यांचं स्वतःचं घर. विमान जितकं वर, तितकी हवा पातळ, हवा पातळ तितका तिचा अडथळा कमी. म्हणून मामांनी शाहूपुरीतल्या एका इमारतीचा सगळ्यात वरचा मजला भाड्याने घेतला. इमारतीला लिफ्ट नव्हती. "पातळ हवंत माणूस कमी खर्चात चालतंय," असं ते जिना चढून आल्यावर, धाप ओसरली की सांगत. मामींनी एकदाच विचारलं, गॅसचा सिलिंडर कोण वर आणणार, पातळ हवा? मामा त्यावर डगमगले नाहीत. चढायला इंधन जास्त जातं हे खरंच आहे, पण लांब जायचं असेल तर ते वसूल होतं. फक्त लहानसहान अंतरासाठी उगाच उंच चढू नये. याचा व्यवहारात अर्थ असा, की एकदा वर आलेला माणूस दिवसभर खाली उतरता कामा नये. परिणामी मामी भाजीसाठी दोरीला परडी बांधून खाली सोडत, आणि खालचा भाजीवाला त्यांना 'इमानवाल्या मामी' म्हणून मेथीची एखादी पेंडी जास्त ठेवी.

वाऱ्याशी त्यांचं नातं तर सोयऱ्यासारखं होतं. गच्चीवर मामींचं जुनं लुगडं एका काठीला कायमचं बांधलेलं असे, आणि ते कुठे फडफडतंय हे बघितल्याशिवाय मामा घराबाहेर पाऊल टाकत नसत. संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर फिरायला जायचो, तेव्हा मला ते फडफडणं महागात पडायचं. समोरून वारा असला की विमानाने वेग थोडा वाढवायचा, म्हणजे त्या वाऱ्याच्या तावडीत कमी वेळ राहावं लागतं. पाठीमागून असला की वेग कमी करायचा, वारा फुकट नेतोय तर नेऊ द्यावं, हा नियम. त्यामुळे तलावाच्या एका बाजूने मामा धोतराचा सोगा धरून तरातरा निघत आणि मी मागून पळे. वळण आलं, वारा पाठीशी गेला, की एकदम त्यांची पालखी होई. भेळ खात बसलेली मंडळी आम्हाला बघून म्हणत, म्हाताऱ्याने जावयाचं काहीतरी चोरलं, मग दया येऊन परत दिलं. मी एकदा सुचवून बघितलं की आपण सबंध वाट एकाच चालीने चालू या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सांगलीचा आहे हे मला पुन्हा आठवलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एकदा या विज्ञानाने फार मोठं नुकसान केलं. मामींचे थोरले भाऊ मुरगूडला असत. ऊसशेती, चार म्हशी, तरुणपणी कुस्तीत नाव काढलेलं, आणि बहिणीवर जीव. त्यांच्या मुलीचं लग्न गडहिंग्लजला ठरलं, वऱ्हाडासाठी बस केली, आणि मामांनी न विचारता बस भरायचं काम अंगावर घेतलं. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत्याचा वजनकाटा उचलून आणून त्यांनी बसच्या दाराशी मांडला आणि प्रत्येक वऱ्हाड्याला त्यावर उभं केलं. वधूपिता काट्यावर चढले तेव्हा काटा करकरला. त्याचं पैलवानाला काही वाटलं नाही. उलट त्यांनी तो आकडा मामांना दोनदा मोठ्याने सांगायला लावला. अनर्थ पुढे झाला. विमानात वजन थोडं मागच्या अंगाला असलं की शेपटाला दाबून धरायचं काम कमी होतं आणि इंधन वाचतं. म्हणून मामांनी सगळ्यात जड असामी, म्हणजे खुद्द मुलीचा बाप, ड्रायव्हरशेजारच्या मानाच्या जागेवरून उठवून पार शेवटच्या बाकावर, आचाऱ्याच्या पातेल्यांशेजारी नेऊन बसवला. बसला शेपूट नसतं, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि सांगायची कुणाची छाती झाली नाही. पैलवान तिथेच खाली उतरले, दुधाच्या टेम्पोतून लेकीच्या लग्नाला गेले, आणि अक्षता पडल्यावर मामांना म्हणाले, "दाजी, तुमच्या दारात म्या न्हाई, माझ्या दारात तुमी न्हाई." त्या दिवसापासून मामींचं माहेर बंद झालं. मामी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. मामा मात्र बोलत. त्या दिवशी बसने डिझेल कमी खाल्लं, असं ते पाहुण्यांना सांगायला लागले की मामी उठून आत जात.

चारेक वर्षं अशीच गेली, आणि एका हिवाळ्यात शाहूपुरीतल्या स्कूटरच्या दुकानदाराने स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक स्कूटरला मापून सारखंच पेट्रोल, स्कूटरवर दोन माणसं, आणि त्या पेट्रोलात जो सगळ्यात लांब जाईल त्याला चांदीचा मुलामा दिलेला हातभर उंच कप. मामांचे डोळे असे लकाकले की मला काळजी वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं कागदावर उडवलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने क्रूझ करायचं होतं, आणि तेही लोकांसमोर, टाळ्यांसकट. त्यांनी भिंतीत कपासाठी खिळे ठोकून फळीसुद्धा बसवली. मग वाट जाहीर झाली: कोल्हापुरातून बिद्री, पुढे मुदाळ तिट्टा, तिथून मुरगूड आणि मग कागलच्या रस्त्याने पेट्रोल संपेल तिथवर. मागे कोण बसणार हा प्रश्न होता. मामी शांतपणे म्हणाल्या, मी बसते. मामांनी बजावलं, की थांबायचं नाही. उभी गाडी पुन्हा चालीला लावायला सगळ्यात जास्त पेट्रोल जातं. मामी म्हणाल्या, "थांबू नगा. घर रस्त्याकडंलाच हाय. जाता जाता बगीन तेवढं." मी तिथेच होतो. मामांनी हो म्हटलं, आणि मग कितीतरी वेळ स्कूटर पुसत बसले.

तयारीचे ते पंधरा दिवस म्हणजे शाहूपुरीची करमणूक होती. विमानाच्या अंगावर धूळ, पोचे, उडालेला रंग असला तरी हवा अडते, म्हणून स्कूटर रोज दोनदा न्हाऊ लागली. स्टेपनी काढली, आरसा काढला, हॉर्नसुद्धा काढला. रस्त्यात ओरडायचं काम मामींकडे दिलं. उपवास सुरू झाले. वजन म्हणजे काय चीज आहे हे मामा ताकाचा पेला हातात घेऊन समजावत: जादा बोजा न्यायचा तर जादा इंधन, ते इंधनही वजनच, मग ते न्यायला आणखी इंधन. याच ओघात त्यांनी मामींना पायातली जोडवी काढायला सांगितलं. मामी म्हणाल्या, "जोडवी काढू? तुमी बसलाय की हितं धडधाकट." जोडवी राहिली. मग मामांनी वाऱ्याला अडथळा नको म्हणून स्वतःच्या भरघोस मिशा उतरवल्या, आणि इथे घोटाळा झाला. आपल्याकडे भरल्या मिशीचा माणूस एका सकाळी बिनमिशीचा दिसला तर त्याचा अर्थ एकच. शेजारणी पदर तोंडाशी धरून जिना चढून आल्या. भाजीवाल्याने परडीत भाजी न ठेवता नुसतेच हात जोडले. बातमी एसटीने मुरगूडला पोचली की दाजींच्या घरात कुणीतरी गेलं. पैलवानांनी शपथ बाजूला ठेवून तातडीने गावचा माणूस पाठवला. तो मामींना भेटला, सगळे जिवंत आहेत याची खात्री करून, स्पर्धेची समग्र हकीकत ऐकून, चहा पिऊन परत गेला. मामांना यातलं काही कळवलं नाही. वजन वाढेल म्हणून असेल.

स्पर्धेचा दिवस उजाडला. प्रत्येक स्कूटरमागे एक साक्षीदार हवा होता, तो मान माझ्या मोटरसायकलला मिळाला. पंधरावीस स्कूटरी फुरफुरत होत्या, नुसता धुरळा आणि शिट्ट्या. मामींनी पदर खोचून पिना लावल्या होत्या आणि त्या सवयीप्रमाणे डावीकडे पाय सोडून बसल्या होत्या. इंजिन उजवीकडे असल्यामुळे तोल बरोबर जमतो, म्हणून मामा खूश. झेंडा पडला आणि तरुण मंडळी भन्नाट सुटली. दुसरी एक जात होती ती गोगलगायीची, हळू गेलं की पेट्रोल वाचतं या समजुतीची. मामांनी जाताजाता मला ओरडून सांगितलं, "दोनी खुळी! लै पळालं तर हवा खाती, लै रांगलं तर इंजिन नुसतं बसून खातंय. मदली चाल धरायची." त्यांच्या स्कूटरचा काटा एका जागी असा बसला की जणू रंगवलेला. चढावर हात घट्ट नाही, उतारावर सैल नाही. आणि काय सांगू, बिद्रीच्या अलीकडेच भन्नाट मंडळी रस्त्याकडेला बसलेली दिसायला लागली, रिकाम्या टाकीत डोळे घालून! एक गेली, दुसरी गेली, आणि मी माझ्या मोटरसायकलवर एकटाच खुळ्यासारखा ओरडत होतो. बिद्रीला कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या लागल्या. मामांनी एका ट्रॉलीचा आडोसा धरला, वारा तुटला, स्कूटर लोण्यावरून चालावी तशी चालू लागली. एवढ्यात मामींनी हात लांबवून ट्रॉलीतला एक ऊस ओढला. हा गुन्हा नाही, या जिल्ह्यात ट्रॉलीमागून जाणाऱ्याचा तो हक्कच आहे. पण मामा कळवळले. टाक ते, वजन आहे. मामी म्हणाल्या, खाल्ला की हलका होईल. खाल्लं तरी पोटातच राहतं, असं मामांनी दाखवून दिलं. "चोथा टाकतीया की वाटंवर. तेवढं तर हलकं हुतंय," मामी म्हणाल्या. विमानही जसंजसं इंधन जाळतं तसतसं हलकं होतं आणि पुढचा प्रवास स्वस्तात करतं, हे मामांनीच त्यांना शिकवलं होतं. मग काय, मामी मुरगुडापर्यंत ऊस खात, रस्ता पांढरा करत गेल्या.

मुरगूड जवळ आलं तेव्हा पुढे फक्त एक स्कूटर उरली होती, आणि मामांची टाकी अजून दमदार होती. कप आमचाच होता. मामींनी ऊस टाकून दिला, तोंड पुसलं, पिना काढून पदर डोक्यावरून घेतला. आणि वळणावर बघतो तर भर रस्त्यात पैलवान. पांढरा फेटा, शेजारी त्यांची बायको, तिच्या हातात ओटीचं ताट. स्कूटर आपल्या चालीने येत होती, ते हलले नाहीत. "दाजी, इमान उभं करा," ते एवढ्या खड्या आवाजात म्हणाले की मागे मलाही ऐकू आलं. "माझी भण दारावरनं रिकामी जायाची न्हाई." मामींनी मामांचा खांदा दाबला नाही, की हाक मारली नाही. मला वाटलं, मामा आता बगल देऊन काढणार. पण स्कूटरचा आवाजच बंद झाला. त्यांनी लांबूनच इंजिन बंद केलं आणि पेट्रोलचा थेंब न घालवता गाडी घरंगळत आणून बरोबर मेव्हण्यांच्या पायाशी उभी केली.

ओटी भरली. आता आमच्या मामांच्या शास्त्रात बसणारी ओटी असते ती पाच मुठी तांदूळ आणि एक नारळ. पैलवानांची ओटी चार वर्षांची साठलेली होती. तांदूळ, नारळ, लुगडं, खारीक, आणि वर गुळाचा एक अख्खा रवा, म्हणजे ही भलीमोठी ढेप, जो मामांच्या पायांमध्ये ठेवायला दोन माणसं लागली. मामांनी त्या गुळाकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याआधी जेवण झालं होतं. पंगतीला बोलावलं तेव्हा मामा जाऊन सरळ शेवटच्या पाटावर, चुलीपाशी बसले. पैलवान म्हणाले, हे काय, पुढे या. मामा म्हणाले, "न्हाई, म्या आज मागंच बसतो." पैलवानांनी स्वतःचं ताट उचललं आणि ते चुलीपाशी मामांच्या शेजारी येऊन बसले. एवढ्यावर चार वर्षांचं भांडण मिटलं. आमच्याकडे माफी मागायला याहून जास्त शब्द लागत नाहीत.

दुपार कलल्यावर आम्ही निघालो. बोजा इतका की स्कूटरचा पाठीमागचा टायर बसला होता, तरी मामांनी ती चालीला लावली. बाकीचे सगळे केव्हाच थांबले होते. जो सगळ्यात लांब पोचला त्याच्या जागी आयोजकांनी लाल झेंडा रोवला होता आणि आता सगळी गर्दी तिथे जमून एकट्या मामांची वाट बघत होती. निढोरीच्या पुढे तो झेंडा दिसायला लागला आणि लोकांनी टाळ्या सुरू केल्या. खऱ्याखुऱ्या टाळ्या, मामांसाठी! माझ्या अंगावर काटा आला. आणि झेंडा दगडाच्या टप्प्यात असताना स्कूटरने दोन आचके दिले आणि ती मेली. गाडी ढकलायला बंदी होती. पण स्कूटर बंद पडली तर काय करायचं हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं: खाली उतरायचं, गाडी आडवी करायची, टाकीच्या कोपऱ्यातलं उरलंसुरलं पेट्रोल नळीत येतं आणि ती पुन्हा सुरू होऊन फर्लांगभर सहज जाते. स्पर्धेत त्याला परवानगी होती, झेंड्यापर्यंत पोचलेल्यानेही तेच केलं होतं. सगळे ओरडत होते, मामा, आडवी करा! मी गाडी टाकून पळत गेलो. मामा दोन्ही पाय जमिनीला टेकवून, हँडल धरून ताठ बसले होते. मामींचं डोकं त्यांच्या पाठीवर, तोंडावर पदर. जेवून झोप लागली असेल, असं मला वाटलं. मी म्हटलं, मामा, मामींना उठवा, एक मिनिटाचं काम आहे. मामांनी नुसता हात वर केला आणि मला गप्प केलं. आयोजकांची जीप आली, त्यांनी टेप लावून अंतर मोजलं, मामांना दुसरा नंबर आला असं सांगितलं, जीप निघून गेली. गर्दीही पांगली. तरी मामा तसेच बसून होते, सगळा बोजा दोन पायांवर तोलत, मामींनी आपण होऊन डोकं वर करेपर्यंत.

पुढे कपासाठी ठोकलेल्या त्या फळीवर गुळाचा रवा बसला, आणि तो संपला की मुरगूडहून दुसरा येई. मामी वरचेवर माहेरी जाऊ लागल्या. मग नवं शतक आलं, मामींना दुखणं लागलं, आणि दोन वर्षांत त्या गेल्या. मामांच्या मिशा पुन्हा उतरल्या, या वेळी कुणाला काही विचारावं लागलं नाही. आता कोल्हापूरच्या धावपट्टीवरून अधूनमधून छोटं विमान मुंबईला जातं, पण मामा मान वर करून बघत नाहीत, ते गेल्याचं मीच त्यांना सांगतो. मुरगूडचे पैलवान बहीण नसतानाही महिन्यातून एकदा येतात, गुडघे धरून तो जिना चढतात, आणि दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसून चहा पितात.

मागच्या खेपेला पैलवान निघून गेल्यावर मी मामांना विचारलं, की त्या दिवशी स्कूटर आडवी का केली नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, थकले असतील, किंवा गुळापुढे हात टेकले असतील. मामांनी कपातला चहाचा शेवटचा घोट घेतला.

"ती झोपली नव्हती," ते म्हणाले. "रडत हुती. भावाफुडं रडली न्हाई, वहिनीफुडं न्हाई. मुरगूडची येस वलांडली आन् माझ्या पाठीत तोंड खुपसून रडाय लागली. चार वर्साचं रडू, आन् साठवाय लावलं म्या. मदीच खाली उतर म्हणू व्हय तिला?"

त्यांच्या हातातला रिकामा कप घेऊन मी आत गेलो आणि तो उगाच पुन्हा पुन्हा विसळत राहिलो. मामी असायला हव्या होत्या, एवढंच सारखं वाटत होतं.